रणभूमीवर जाताना मुक्काम कुठे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा इंग्लंडहून फोन आला. ती, जावईबापू आणि मुलं उन्हाळ्याच्या सुटीत फ्रान्सला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जाऊन आली होती. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा जिथे समुद्रातून उतरल्या, ते हे किनारे. सगळं उत्साहानं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, मुलं विचारतात, आपल्या गावाकडे अशी युद्धाची जागा नाही का? डिसेंबरात येतोय, कोरेगाव भीमाला जाऊ. पुण्यात हॉटेल बुक करू ना?"

मी म्हटलं, "पुण्यात नको. मुक्कामाचं मी सांगतो." आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हे आपण तिला एकटीलाच का सांगावं? रविवारी गाडी काढून निघणारी कितीतरी कुटुंबं असतात. म्हणून आज हा विषय.

आधी भाचीचाच अनुभव सांगतो, कारण त्यात एक चांगला धडा आहे. नॉर्मंडीत उतरण्याचे किनारे पाच आणि ते सुमारे ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेले. भाचीनं मुक्काम केला बायो नावाच्या लहानशा गावात. का? तर ते या पट्ट्याच्या साधारण मधोमध आहे. शिवाय हे गाव ७ जूनलाच मुक्त झालं आणि फारशी पडझड न होता वाचलं. जवळचं काँ हे मोठं शहर मात्र महिनाभराच्या लढाईत बेचिराख झालं. बायोत राहिल्यामुळे तिला पहाटे उठून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाता आलं. त्या दिवशी सैनिक उतरले तेही ओहोटी सरून पाणी चढू लागलं तेव्हा. भरतीला वाळूची अरुंद पट्टी दिसते, ओहोटीला मैदानच्या मैदान उघडं पडतं आणि ते ओलांडताना माणसाचं काय झालं असेल हे न सांगता कळतं. पॅरिसहून बसनं दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हे दिसेलच असं नाही. जागा तीच, पण मुक्काम कुठे यावर काय दिसेल ते ठरतं.

आता आपल्याकडे या. पुण्याहून नगर रस्त्यानं निघालात की वाघोली, लोणीकंद मागे टाकून पेरणे फाटा येतो. तिथे डाव्या-उजव्या बाजूच्या गर्दीतून वर डोकावणारा जयस्तंभ दिसतो. पुण्याचा पाहुणा गाडी लावतो, स्तंभाला वंदन करतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. म्हणजे तो भीमा नदी ओलांडतच नाही. स्तंभ आहे पेरण्याच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. लढाई झाली ती नदीपलीकडे, कोरेगावात, शिरूर तालुक्यात. पुण्यात मुक्काम करणाऱ्या दहांतले बहुतेक जण लढाईचं गाव न बघताच "कोरेगाव बघितलं" म्हणून सांगतात.

म्हणून माझा पहिला सल्ला: मुक्काम शिरूरला करा. शिरूर म्हणजे घोडनदी. जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. एसटीतसुद्धा "घोडनदी उतरणारे या पुढे" अशी हाक मी लहानपणापासून ऐकली आहे. इथे कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या बचावासाठी निघाली ती इथूनच. पायदळ पाचशेच्या आसपास, अडीच-तीनशे घोडेस्वार, मद्रासच्या तोफखान्याच्या दोन तोफा. सगळी मिळून माणसं आठशेच्या थोडी वर. रात्रभर चालून, चाळीस किलोमीटर तुडवून, ती सकाळी भीमेच्या काठी पोचली तेव्हा पलीकडे पेशव्यांचं वीस हजारांवर सैन्य दिसलं. स्टाँटननं कोरेगावच्या गावकुसाचा आसरा घेतला आणि दिवसभर त्या गावाच्या गल्लीबोळांत लढाई झाली. खायला नाही, प्यायला पाणी नाही. एक तोफ गेली, ती परत मिळवली. रात्री नऊच्या सुमारास हल्ले थांबले. दुसऱ्या दिवशी पेशवे दक्षिणेकडे निघून गेले, कारण मागून इंग्रजांची मोठी फौज येत होती. आणि स्टाँटनची तुकडी? ती पुण्याला पोचलीच नाही. २ जानेवारीच्या रात्री ती आपल्या जखमींना घेऊन शिरूरलाच परतली. ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशेच्या आसपास माणसं गमावून.

तुम्ही शिरूरला झोपलात आणि पहाटे गाडीनं त्याच रस्त्यानं निघालात, की रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी करत आधी कोरेगाव गाव येतं, मग नदी, मग स्तंभ. लढाई ज्या क्रमानं घडली त्याच क्रमानं जागा येतात. मुलांना सांगावं, "हे अंतर ती माणसं रात्रभर चालली, दिवसभर लढली आणि पुन्हा हेच अंतर चालत गेली." मग मुलं गप्प होतात. मी अनेकदा बघितलंय.

शिरूरला राहण्याचा आणखी एक लाभ. तिथे कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची समाधी आहे. हा १८०३ च्या लढायांत मराठ्यांविरुद्ध लढला आणि १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. इथल्या लोकांनी त्याला सत्पुरुष मानलं. सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या समाधीला दाखवत. ही नोंद एकोणिसाव्या शतकातल्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. शत्रूकडचा माणूस, पण भला होता म्हणून गावानं त्याच्यापुढे ऊद जाळला. कोरेगावला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ही समाधी बघून घ्यावी. दुसऱ्या दिवशी काही गोष्टींकडे बघायची नजर थोडी मऊ होते.

राहण्याच्या सोयीचं सांगायचं तर शिरूरला साधे लॉज आहेत. रांजणगावला महागणपती देवस्थानचं भक्तनिवास आहे. स्वच्छ, स्वस्त, पण संकष्टी-चतुर्थीला आणि सलग सुट्यांना तिथे पाय ठेवायला जागा नसते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे महामार्गावर बरी हॉटेलंही झाली आहेत. मुलं बरोबर असतील तर मोराची चिंचोली गाठा. तिथे शेतकऱ्यांच्या घरी राहता येतं, चुलीवरची भाकरी मिळते, पहाटे मोरांच्या केकांनी जाग येते. एवढंच, की या भागात उसामुळे बिबट्याचा वावर आहे. अंधार पडल्यावर लहान मुलांना घेऊन शेतातून फिरू नका आणि यजमान सांगतील ते ऐका.

दुसरा मुक्काम दौंडचा. हे माझं गाव म्हणून सांगत नाही. दौंड म्हणजे जंक्शन. पुण्या-सोलापूरहून आणि मनमाडकडून येणारी गाडी इथे थांबते, म्हणून गाडी-मोटार नसलेल्यांना सोयीचं. इथून भीमेचा पूल ओलांडून नगर जिल्ह्यात गेलं की पेडगाव. मोगलांचा सुभेदार बहादूरखान यानं वसवलेला हा बहादूरगड. २००८ पासून त्याला धर्मवीरगड म्हणतात. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजीराजांना आणि कवी कलशांना इथेच औरंगजेबापुढे आणलं, त्यांची धिंड काढली. आत यादवकाळातली देखणी देवळं आहेत, नदीचं पाणी वर चढवणारी हत्तीमोट आहे, आणि बाकी सारी पडझड. सकाळी लवकर जा. उन्हं चढली की तिथे सावली शोधावी लागते. येताना सिद्धटेकचा गणपती करता येतो.

आणि इथून एक गोष्ट ध्यानात येते. पेडगावला बादशहापुढे उभं केलेल्या राजांना पुढे तुळापूरला, भीमा, भामा आणि इंद्रायणीच्या संगमावर नेलं. ११ मार्च १६८९ रोजी त्यांची हत्या झाली. समाधी नदीपलीकडे वढू बुद्रुकला आहे. वढूहून कोरेगाव चार-पाच किलोमीटर. तुळापूर, वढू, कोरेगाव, दौंड, पेडगाव, सगळं एकाच भीमेच्या काठी. शिरूरची घोडनदीसुद्धा पुढे भीमेलाच मिळते. १६८९ आणि १८१८, मध्ये एकशे एकोणतीस वर्षं, पण काठ एकच. म्हणून म्हणतो, दोन रात्री काढा. एक दौंडला, एक शिरूरला. मधला रस्ता चौफुला, न्हावरे असा आहे.

इथपर्यंत सोयीचं झालं. आता थोडं अवघड सांगतो.

दौंडला माझे एक मित्र आहेत. रेल्वेत गार्ड होते, आम्ही त्यांना गार्डसाहेबच म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. तीस वर्षं आम्ही संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर बसून गप्पा मारतो. गार्डसाहेब दर १ जानेवारीला स्तंभाला जातात. त्यांचे वडील जात, आजोबाही जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे आले होते, तेव्हापासून त्या दिवसाला वेगळाच अर्थ आला. मी दर फाल्गुन अमावास्येला वढूला जातो. तीस वर्षांत मी कधी स्तंभाला गेलो नव्हतो आणि ते कधी वढूला आले नव्हते. मुद्दाम टाळलं असं नाही. विषयच निघाला नाही. आता वाटतं, विषय न निघणं हेही टाळणंच असतं.

१ जानेवारी २०१८ ला काय झालं ते सर्वांना माहीत आहे. लढाईला दोनशे वर्षं होत होती, लोक लाखांनी आले होते. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, दुकानं जळाली, एका तरुणाचा जीव गेला, सारा महाराष्ट्र पेटला. गार्डसाहेबांच्या पुतण्याच्या डोक्याला दगड लागून सात टाके पडले. आम्ही आठ दिवस बाकावर बसलो, पण बोललो नाही.

त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर मीच म्हणालो, "गार्डसाहेब, यंदा मी येतो तुमच्याबरोबर. पण रात्री दौंडहून निघायचं नाही. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करू, पहाटे स्तंभाला पोचू." ते हसले. म्हणाले, "मुक्काम? मास्तर, आमची माणसं रात्री येतात, वंदन करतात, परत जातात. तिथे मुक्काम कोण करतो?" मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

३१ तारखेला संध्याकाळी महामार्गावरच्या एका लॉजवर गेलो. मॅनेजरनं रजिस्टर पुढे केलं. माझं नाव लिहून झालं. गार्डसाहेबांचं ओळखपत्र त्यानं हातात घेतलं, नाव वाचलं आणि विचारलं, "उद्या स्तंभाला का?" ते हो म्हणाले. त्यानं रजिस्टर मिटलं. "रूम नाहीत. विसरलो होतो, सगळ्या बुक आहेत." मागे भिंतीवर किल्ल्या लटकत होत्या. मी भांडायला उठलो तर गार्डसाहेबांनी माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. तो मॅनेजर वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. पण त्याच्या भीतीची किंमत माझ्या मित्रानं मोजली. आणि मला मघाच्या हसण्याचा अर्थ कळला.

शेवटी मी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. रस्त्यापासून आत त्याची वस्ती आहे. तो मोटारसायकल घेऊन फाट्यावर आला आणि पुढे होऊन आम्हाला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं पाय धुवायला पाणी दिलं, पिठलं-भाकरी वाढली. जेवताना कळलं, महामार्गावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. २०१८ च्या त्या दिवशी ते जळालं. काँप्रेसर, टायर, सगळं. मी गार्डसाहेबांकडे बघितलं. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. मग ते म्हणाले, "आमच्या पोराच्या डोक्याला सात टाके." कोणी काही बोलेना. थोड्या वेळानं म्हातारी म्हणाली, "दादा, ज्यानं जाळलं त्यो आमच्या घरात जेवाया न्हाई बसला. आन् ज्यानं दगड मारला त्यो बी न्हाई. तुम्ही जेवा." एवढंच. गार्डसाहेब जेवले.

पहाटे आम्ही निघालो तर विद्यार्थी म्हणाला, "सर, मी येऊ का? इतकी वर्षं इथं राहतो, पण आत कधी गेलो नाही." तिघे गेलो. निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, खांद्यावर लेकरं, चहूकडे पोलीस. रांग सरकत सरकत स्तंभापाशी पोचलो. स्तंभावर इंग्रजीत आणि मराठीत लेख आहे, मेलेल्यांची नावं आहेत. कंपनीकडून पडलेल्या एकोणपन्नास जणांची नावं. त्यांतली बावीस नावं शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार सैनिकांची. बाकीच्यांत इतर जातिधर्मांचे लोक. आणि समोर पेशव्यांच्या सैन्यातही सगळे मराठीच होते असं नाही. गावात घुसून लढले त्यांत अरब होते, गोसावी होते. मी वर्गात ही लढाई दोन ओळींत शिकवत असे. तिथे माझा विद्यार्थी एकेक नाव बोट ठेवून वाचत होता आणि गार्डसाहेब त्याच्या मागे उभे राहून ऐकत होते. ज्यांना गावात पाणवठा मोकळा नव्हता त्यांची नावं दगडावर कोरली गेली, याचं मोल तिथे उभं राहिल्यावर मला कळलं. पुस्तकात वाचून कळलं नव्हतं.

पुढे फाल्गुन अमावास्येला सकाळी सहाला माझ्या दाराची कडी वाजली. गार्डसाहेब, इस्त्रीचा शर्ट घालून. "मास्तर, वढूला जायचं ना? मुक्काम कुठे करायचा?" आम्ही त्याच वस्तीवर केला.

म्हणून श्रोतेहो, मुक्कामाचा प्रश्न नुसता खोलीचा आणि भाड्याचा नसतो. दिवसा जाऊन दिवसा येणारा माणूस जे ठरवून जातो तेच बघून येतो. रात्र काढली की तिथल्या माणसाच्या हातचं जेवावं लागतं, आणि जेवताना दुसरी बाजू कानावर येतेच. बायोच्या युद्धस्मशानात ब्रिटिश सैनिकांबरोबर जर्मन सैनिकांचीही थडगी आहेत असं भाची सांगत होती. तिथे ते मेल्यावर शेजारी आले. आपण जिवंतपणी एका पंगतीला बसायला काय हरकत आहे?

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी. १ जानेवारीला जायचं असेल तर नगर रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. आदल्या दिवसापासूनची पोलिसांची सूचना वर्तमानपत्रात येते ती वाचा, स्वतःची गाडी दूर ठेवून बसनं जा. खोली आधी फोन करून ठरवा आणि आपण कशासाठी येतोय ते आधीच मोकळेपणानं सांगा. दारात गेल्यावर कोणाचा अपमान व्हायला नको. नुसती जागा समजून घ्यायची असेल, मुलं लहान असतील, तर तो दिवस सोडून जानेवारीतलाच दुसरा दिवस निवडा. थंडी तीच, पहाट तीच, नदी तीच. जरी वर धरणं झाल्यामुळे पाणी तेव्हाचं राहिलं नसलं तरी. आणि कुठल्याही समाधीपाशी, कुठल्याही स्तंभापाशी, आधी चपला काढून उभे राहा. वाद घालायला घर आहे, स्टेशनचं बाक आहे.

भाचीला मी सांगितलंय, पहिली रात्र दौंडला माझ्याकडे, दुसरी त्या वस्तीवर. म्हातारी आता थकली आहे, पण पिठलं अजून तीच करते. गार्डसाहेब बरोबर येणार आहेत. मुलांना नावं वाचून दाखवायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलंय.